गाडी सात फुटांची, रस्ता दहाचा

तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाल्यापासून महागावच्या माणसाला मोठ्या गाडीचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही. यवतमाळकडे जा की नांदेडकडे, गाडी सुसाट निघते. आता त्यात विजेवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांची भर पडली आहे. कंत्राटदार, कृषी केंद्रवाले, डॉक्टर, पुढारी आणि पुण्याहून दिवाळीला गावी येणारी पोरं, यांच्यापैकी कुणाच्या तरी दारात ती आज ना उद्या उभी राहणारच. घ्यायला हरकत नाही. ज्याच्या खिशात दम आहे त्याने जरूर घ्यावी. पण राजेहो, महामार्गावर कोणतीच गाडी मोठी वाटत नाही. ती किती मोठी आहे हे कळतं फुलसावंगीच्या, गुंजच्या, हिवऱ्याच्या बाजूला आतल्या खेड्याकडे वळल्यावर.

आधी मापं पाहू. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. तिची रुंदी पावणेपाच फुटांच्या आत आणि लांबी अकरा फूट. पुढे आपल्याकडे बोलेरो आली, ती रुंदीला पावणेसहा फूट, लांबीला तेरा. आता महिंद्राची एक्सईव्ही नाइन-ई घ्या. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेली ही गाडी आपल्याच महाराष्ट्रात, चाकणला तयार होते. तिची रुंदी १९०७ मिलिमीटर, म्हणजे सहा फूट तीन इंच, आणि लांबी ४७८९ मिलिमीटर, म्हणजे पावणेसोळा फूट. टाटांची हॅरियर ईव्ही जून २०२५ मध्ये आली. लांबीला ती थोडी आखूड, पण बाजूचे आरसे धरून तिची रुंदी २१३२ मिलिमीटर भरते. सरळ सात फूट. कंपन्यांच्या कागदावर रुंदी कधी आरशांसकट लिहिलेली असते तर कधी आरशांशिवाय. फाटकातून आत शिरताना आरसे काही घरी ठेवून येता येत नाहीत, म्हणून मोजताना आरशांसकट मोजा.

आता रस्ता. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतल्या रस्त्याचा डांबरी पट्टा सहसा पावणेचार मीटरचा, म्हणजे सव्वाबारा फुटांचा असतो. जिथे वाहतूक अगदी कमी, तिथे तो तीन मीटरचाच ठेवतात. हे झाले दहा फूट. दहा फुटांत सात फुटांची गाडी घातली की दोन्ही अंगाला दीड-दीड फूट उरतो. समोरून सायकलवाला आला तरी कुणीतरी खाली उतरायला पाहिजे. कापसाची ट्रॉली आली तर? ट्रॉली स्वतः सहा-सात फुटांची असते, वर जाळी लावून दाबून भरलेला कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतो. सव्वाबारा फुटांच्या चांगल्या रस्त्यावरही ही बेरीज बसत नाही. गणित साधं आहे, पण गाडी पसंत करताना ते कुणी मांडत नाही. शोरूममध्ये सगळे पडदे पाहतात, दिवे पाहतात, पोरं गाणी लावून पाहतात. फीत घेऊन कुणी जात नाही.

मग मागे कोणी सरायचं? आपल्याकडे आजवरचा रिवाज असा, की ज्याचा रुबाब मोठा तो हॉर्न वाजवतो आणि लहान माणूस बाजूला होतो. हा रिवाज आता मोडला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. बंडी मागे घेणं किती अवघड असतं ते जुंपणाऱ्याला विचारा. बैल पुढे ओढायला शिकलेले असतात, भरल्या बंडीसकट मागे सरताना ते बिथरतात, जू मानेवरून सरकतं आणि चाक नालीत जातं. ट्रॅक्टरला ट्रॉली लावलेली असली की मागे घेताना ती भलतीकडेच वळते, सराईत ड्रायव्हरलाही दोन-तीनदा पुढे-मागे करावं लागतं. उलट या नव्या गाडीला मागे कॅमेरा, बाजूला कॅमेरा, वरून पाहिल्यासारखं चित्र समोरच्या पडद्यावर. मागे पाहायला ज्याच्याजवळ चार डोळे आहेत, त्यानेच मागे जावं. यात कमीपणा कसला? दहा-पंधरा लाख जास्त मोजून ते डोळे विकत घेतले कशासाठी?

आता साइडपट्टीविषयी सांगतो, कारण खरा घात तिथेच होतो. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात तीच फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. डांबराच्या कडेला मुरूम टाकलेला असला तर ठीक, पण पुष्कळ ठिकाणी तो पहिल्या दोन पावसाळ्यांतच वाहून गेलेला असतो आणि वर गवत उगवल्यामुळे खाली काय आहे ते दिसत नाही. विजेच्या गाडीत बॅटरीचं वजन तळाशी असतं, अशी मोठी गाडी दोन टनांच्या पुढे भरते. मारुती ८०० च्या तिप्पट. एका अंगाची दोन चाकं साइडपट्टीवर गेली की ती बसलीच समजा. कॅमेऱ्यात गवत दिसतं, गवताखालचा चिखल दिसत नाही. म्हणून जून ते ऑक्टोबर साइडपट्टीवर उतरू नका. रस्ता रुंद असेल अशा ठिकाणी, एखाद्या फाट्यावर किंवा मोरीच्या अलीकडे आधीच थांबा आणि समोरच्याला येऊ द्या. पन्नास पावलं आधी थांबणारा पंधरा मिनिटं वाचवतो. फसलीच गाडी, तर ट्रॅक्टरचा दोर कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या हुकालाच बांधा, दिसेल त्या पत्र्याला नाही. आणि बाहेर काढल्यावर चाकं जमिनीवर ठेवून तशीच गावापर्यंत ओढत नेऊ नका, चाकांबरोबर आतली मोटार फिरते आणि नुकसान होतं. ती गाडी दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्यायची असते.

हात बसायला किती दिवस लागतात? सराव केला तर आठवडा, नाही केला तर वर्षही पुरत नाही. खळ्यात किंवा शाळेच्या मैदानावर सुटीच्या दिवशी दोन ओळींत रिकामी पोती भुसा भरून ठेवा, मध्ये आठ फूट अंतर सोडा. पुढून शिरा, मागून निघा. मग अंतर साडेसात करा. जमिनीवर चुन्याच्या फक्कीची एक सरळ रेघ मारा आणि डावं चाक तिच्यावरून न्या, पडद्याकडे न बघता. आपण उजवीकडे बसतो म्हणून उजवी बाजू लवकर कळते, डावी बाजू कळायला वेळ लागतो, आणि आपल्या गावात नाली, खांब, ओट्याची पायरी हे सगळं डावीकडेच येतं! दुसरं काम बोनेटचं. घरच्या कुणाला तरी बादली घेऊन गाडीपुढे उभं करा. बादली बोनेटला टेकवून ठेवायला सांगा आणि ती तुम्हाला सीटवरून दिसेपर्यंत पावला-पावलाने मागे न्यायला लावा. जेवढं अंतर निघेल तेवढ्या टापूत रांगणारं पोर, वासरू, कोंबडी काहीही असलं तरी तुम्हाला दिसणार नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की अंगणातून गाडी काढण्याआधी माणूस आपोआप एक चक्कर मारतो. चिखलाच्या दिवसांत कॅमेऱ्याची काच हाताने पुसा. माखलेला कॅमेरा असून नसून सारखाच.

वळणाचंही पाहा. नाइन-ईला पूर्ण वळायला दहा मीटरचं वर्तुळ पुरतं, असं कंपनी सांगते. एवढ्या लांब गाडीला ते कमीच म्हणायचं, पण दहा मीटर म्हणजे तेहेतीस फूट झाले. मारुतीच्या पारासमोर तेवढी मोकळी जागा किती गावांत आहे? नसेल तर गाडी आत नेतानाच उलटी न्या, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे राहील. लग्नाच्या दिवशी तर गाडी गावाबाहेर लावून चालत जाणंच बरं.

आवाजाची गोष्ट वेगळीच. आपल्या गावातला रस्ता हा नुसता रस्ता नसतो. त्यावर तूर वाळते, म्हातारी माणसं उन्हाला बसतात, पोरं लगोरी खेळतात. ही सगळी मंडळी गाडी कानाने ओळखतात. डिझेलची गाडी फाट्यावरूनच वर्दी देते, विजेची गाडी अंगावर येईपर्यंत कळत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एक मसुदा काढला, त्यात नव्या विजेच्या मोटारींना ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना ऑक्टोबर २०२७ पासून, कमी वेगात पादचाऱ्याला ऐकू येईल असा आवाज बसवण्याचं सुचवलं आहे. पण तुमच्या गल्लीतल्या आजीने मसुदा वाचलेला नाही. गावात शिरल्यावर पायी चालणाऱ्याचा वेग ठेवा, आणि ही गाडी पायाच्या नुसत्या इशाऱ्याने उसळते हे विसरू नका.

मोठेपणा केवळ लांबी-रुंदीत नसतो, विजेच्या मीटरवरही तो दिसतो. घरी बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर म्हणजे जवळपास दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीएवढा भार. पंखे, टीव्ही आणि फ्रिजसाठी घेतलेल्या जोडणीवर तो चालवला तर वायर तापेल आणि रात्री अख्ख्या गल्लीचा दाब पडेल. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या, अर्थिंग नीट करून घ्या. आणि हळूच सांगतो, शेतीपंपाच्या लाइनवर गाडी लावायचा मोह पुष्कळांना होईल, कारण २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाला वीजबिल माफ आहे. ती वीज पाणी ओढायला दिलेली आहे. तिच्यावर मोटार चार्ज करताना सापडलात तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि गावात चर्चा होते ती वेगळीच.

इथवर गाडीवाल्याशी बोललो. आता सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांशी दोन शब्द.

एखादा गाडीवाला तुमच्याकडे येऊन म्हणेल, "माझी गाडी घरापर्यंत येत नाही, रस्ता मोकळा करून द्या." तुमच्या मनात येईल, याच्या चैनीसाठी आम्ही लोकांच्या पायऱ्या का तोडायच्या? बरोबरच आहे. एका गाडीसाठी कुणाचा ओटा तोडू नये. पण त्याने आणलेली फीत परत करू नका. कारण १०८ ची रुग्णवाहिका जवळपास तेवढीच रुंद असते. जिथे ही मोठी गाडी अडते, तिथे रुग्णवाहिकाही अडते. बाळंतीण बाई, साप चावलेला सालदार, फवारणीत विषबाधा झालेला पोरगा, यांना मग बाजेवर घालून तिथपर्यंत आणावं लागतं. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली फवारणीची विषबाधा किती जिवावर बेतते ते पाहिलं आहे. तेव्हा प्रश्न चैनीचा राहत नाही.

गावनकाशा काढून पाहा. दुबार तुटक रेघेने दाखवलेला ग्रामीण गाडीमार्ग साडेसोळा फूट आणि त्याहून अधिक रुंदीचा धरलेला आहे. जागेवर जाऊन मोजा, आठ-नऊ फूट निघेल. बाकीचा गेला कुठे? एका बाजूने धुरा सरकला, दुसऱ्या बाजूने काट्याचं कुंपण सरकलं. गावात उकिरडा, पऱ्हाटीचा ढीग आणि बंद पडलेली ट्रॉली. गावातल्या रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने तुम्हाला दिलेला आहे. शिवारातला वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज करता येतो. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. शिवाय २२ मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर ठेवून त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायला सांगितलं आहे. पांदणीच्या भांडणात तीन पिढ्या कोर्टात घालवलेली घरं आपल्या तालुक्यात कमी नाहीत. एवढी एक नोंद झाली तर चौथी पिढी तरी वाचेल.

पायऱ्या आणि ओट्यांच्या बाबतीत मात्र जपून. उकिरडा आणि पऱ्हाटी आधी हलवा, तेवढ्यानेच पुष्कळ ठिकाणी दोन फूट मिळतात. वळणावरचा एखादा खांब मागे सरकवायचा असेल तर महावितरणला ठराव द्या. जिथे रुंदी मिळणं शक्यच नाही, तिथे निदान दोनशे-तीनशे पावलांवर एक बगल काढा, मुरूम दाबून पक्की करा, म्हणजे बंडी, ट्रॉली आणि मोटार एकमेकांना जागा देतील. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आणि फीत लावायला सुरुवात सरपंचाच्या किंवा त्या गाडीवाल्याच्या दारापासून करा, पुढच्या घरांत मग फारसा वाद होत नाही.