'इरिटेटिंग' आणि मराठीचा वैताग : एका विशेषणाच्या निमित्ताने

१/ ठाणे, कल्याण, डोंबिवली. लोकल उशिरा आली, की फलाटावरच्या तरुणांच्या तोंडी एकच विशेषण येते : 'इरिटेटिंग'. ही मराठीची अधोगती, असा निवाडा करण्यापूर्वी याच परिसराचा इतिहास पाहणे उचित.

२/ १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आदिलशाहीकडून घेतले. त्या काळच्या दफ्तरी मराठीत फारसी-अरबी शब्दांचा सुकाळ होता. 'हैराण' हा त्याच कुळातला. मूळ अरबी अर्थ चकित, गोंधळलेला; मराठीत तो 'त्रासून गेलेला' झाला.

३/ 'त्रास' तरी कुठे मूळ अर्थाने उरला? संस्कृतात त्रास म्हणजे भय, मराठीत उपद्रव.

४/ ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. 'तुरुंग' हा शब्द त्यांच्या भाषेतला. आज ठाण्याच्या किल्ल्यातच कारागृह आहे आणि 'तुरुंग' कोणालाही परका वाटत नाही.

५/ १८४७ मध्ये मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला. सहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला. इंग्रजी शब्दांची आवक तेव्हापासून वाढतच गेली.

६/ म्हणजे आक्षेप परकेपणावर नसावा. तो नेमकेपणावर असावा. 'इरिटेटिंग' म्हणजे त्रास देणारा. त्रासलेला तो 'इरिटेटेड'. 'मी इरिटेटिंग झालोय' म्हणणारा नकळत स्वतःलाच उपद्रवी ठरवतो! मराठीत हा भेद स्पष्ट आहे : गर्दी त्रासदायक, चेहरा त्रासिक.

७/ शिवाय मराठीत त्रासाच्या छटा वेगळ्या. सततच्या बोलण्याची कटकट होते. अतिपरिचयाने वीट येतो. तेच ते करून कंटाळा येतो. दगदगीने जीव मेटाकुटीस येतो. एखाद्याचे वागणे थेट डोक्यात जाते. 'मला वैताग आला' या रचनेत तर त्रास कोणाला झाला, हेही आधीच सांगितले जाते.

८/ 'इरिटेटिंग' खुशाल राहो. 'हैराण'सारखा तोही उद्या घरचा होईल. परंतु 'हैराण'ने 'वीट' वा 'कटकट' यांना हुसकावले नाही, त्यांच्या पंक्तीत तो बसला. नव्या पाहुण्याने एकट्याने सारे पान अडवले, तर तक्रार उरेल. नेमके काय खुपते, हे सांगणारा शब्द मात्र उरणार नाही.