सरकार नावाचे गिऱ्हाईक

मार्चअखेर जवळ आली की सरकारी कार्यालयांच्या लेखाशाखेबाहेर एक विशिष्ट प्रकारची गर्दी दिसू लागते. हातात फायली, चेहऱ्यावर अजिजी आणि ओठांवर एकच प्रश्न : "आमचे देयक कोठवर आले?" ही माणसे याचक नव्हेत. त्यांनी माल पुरविलेला असतो, तो स्वीकारला गेलेला असतो, वापरातही आलेला असतो. ती मागतात ते स्वत:चेच पैसे. तरीही मागण्याचा सूर मात्र याचकाचा असतो, आणि हा सूर आपल्या अर्थव्यवस्थेतील एका जुन्या दुखण्याचे लक्षण आहे.

प्रस्तुत लेखकाचा एक माजी विद्यार्थी भोसरीस पत्र्याची कपाटे व मांडण्या बनवितो. सहा-सात कामगार, दोन यंत्रे आणि बँकेचे कर्ज एवढा त्याचा पसारा. उत्साहाने त्याने नोंदणी केली, निविदा भरली, कमीत कमी दर दिला आणि एका सरकारी कार्यालयास कपाटे पुरविली. पैसे हाती आले ते अकराव्या महिन्यात. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, धाकटा भाऊ आता स्वत:चा व्यवसाय काढतो आहे. त्याने सरकारी कामांसाठी नोंदणी करावी की करू नये, तुम्हीच सांगा." प्रश्न एका घरातला असला तरी तो पुणे परिसरातील हजारो लहान कारखानदारांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे शोधणे अस्थानी ठरू नये.

जुनी कल्पना, नवा साचा

सरकारने आपल्या खरेदीतील काही वाटा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावा, ही कल्पना आजची नाही. १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला, तेव्हापासून लहान कारखानदारांची नोंदणी करून त्यांना सरकारी मागणीचा लाभ मिळवून देणे हे त्याचे एक प्रमुख काम राहिले. त्याच वर्षी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीसाठी ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा विचार करणारी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्याच प्रा. द. गो. कर्वे यांच्याकडे होते, याचे स्मरण पुणेकरांनी ठेवावयास हवे. अमेरिकेसारख्या खुल्या बाजारपेठेच्या पुरस्कर्त्या देशानेही १९५३ साली लघुउद्योगांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तेथील संघराज्य सरकार आपल्या मुख्य कंत्राटांपैकी २३ टक्के रकमेची कंत्राटे लहान उद्योगांना देण्याचे उद्दिष्ट ठेवते. तेव्हा ही गोष्ट केवळ समाजवादी वळणाची आहे असे कोणी समजू नये.

आपल्याकडे या धोरणास कायद्याचा भक्कम आधार मिळाला तो २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने. त्याच्या ११ व्या कलमान्वये केंद्राने २०१२ साली खरेदीविषयक आदेश काढला. प्रारंभी वार्षिक खरेदीपैकी २० टक्के माल व सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेण्याचे बंधन होते. १ एप्रिल २०१९ पासून ते २५ टक्के झाले. त्यातच अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के असा उपविभाग आहे. ३५८ वस्तू केवळ अशा उद्योगांकडूनच घ्यावयाच्या आहेत. निविदेचे कागद विनामूल्य, बयाणा रक्कम माफ. शिवाय मोठ्या उत्पादकाचा दर सर्वांत कमी असेल आणि लहान उद्योगाचा दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंतच अधिक असेल, तर त्या नीचतम दरास माल देण्यास तयार असणाऱ्या लहान उद्योगास मागणीचा काही भाग द्यावा, अशीही तरतूद आहे. मध्यम उद्योगांना मात्र या सवलती नाहीत.

दार उघडले, उंबरठा उरला

एके काळी नोंदणी म्हणजे एक दिव्य होते. उद्योग केंद्राचे हेलपाटे, तपासनीसांच्या भेटी, दाखल्यांच्या प्रती यांतच माणूस अर्धा दमून जाई. हे चित्र पुष्कळ बदलले आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी सुरू झाली. आधार व पॅन क्रमांकाच्या आधारे, स्वयंघोषणेवर, घरबसल्या ती करता येते आणि तिला एक पैसाही शुल्क नाही. (नोंदणी करून देतो म्हणून हजार-दोन हजार रुपये घेणारे मध्यस्थ शहरात आहेत, त्यांच्या वाटेस कोणी जाऊ नये.) १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी व वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असणारा उद्योग सूक्ष्म, आणि अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटींपर्यंतचा लघु गणला जातो. २०१६ साली 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस', म्हणजे ज्यास सर्वजण 'जेम' म्हणतात, ती संगणकीय बाजारपेठ सुरू झाली. २०२३-२४ या एका वर्षात तेथे ४ लाख कोटी रुपयांहून अधिक खरेदी झाली. राज्य शासनाच्या व महापालिकांच्या निविदाही आता संगणकावर प्रसिद्ध होतात. डिजिटल स्वाक्षरी घेतली की भोसरीतला कारखानदार दिल्लीच्या निविदेत उतरू शकतो.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण निविदेच्या अटींत आहे. मागील तीन वर्षांची उलाढाल इतकी हवी, अशाच स्वरूपाच्या कामाचा इतक्या रकमेचा अनुभव हवा, या अटी वरवर निरुपद्रवी दिसतात. परंतु अनुभवावाचून काम नाही आणि कामावाचून अनुभव नाही, अशा कोंडीत नवा उद्योजक सापडतो. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत गुणवत्तेच्या अधीन राहून या अटी शिथिल करण्याची मुभा आहे. तथापि मुभा म्हणजे बंधन नव्हे, आणि शिथिल करण्याची जोखीम अंगावर घेण्यापेक्षा जुन्या पुरवठादारास काम देणे कोणत्याही अधिकाऱ्यास अधिक सुरक्षित वाटणार.

दुसरी अडचण अशी की, २०१२ चा आदेश केंद्राची मंत्रालये, खाती व केंद्रीय सार्वजनिक कंपन्या यांनाच लागू आहे. पुण्याच्या दृष्टीने ही गोष्ट अगदीच क्षुल्लक नाही. २०२१ साली आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांपैकी 'म्युनिशन्स इंडिया' या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्याकडे आहे. परंतु लहान उद्योजकाच्या सर्वांत जवळचे सरकारी गिऱ्हाईक म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद आणि राज्याची खाती. तेथे हा केंद्रीय आदेश चालत नाही. राज्यांनाही असे धोरण अधिसूचित करण्याचा अधिकार ११ वे कलमच देते. म्हणजे प्रश्न अधिकाराचा नसून इच्छेचा आहे.

बिनव्याजी कर्ज

या दोन्ही अडचणी पार केल्यावर जी तिसरी उभी राहते, तीच खरी जीवघेणी होय. समजा, एका उद्योजकास १० लाख रुपयांचे काम मिळाले. त्याचा खर्च साडेआठ लाख. हा पैसा त्याने बँकेकडून १४ टक्के व्याजाने उचलला. देयक ४५ दिवसांत मिळाले तर व्याज सुमारे १४,७०० रुपये होते. ते सोसवण्यासारखे आहे. देयकास वर्ष लागले तर व्याज १ लाख १९ हजार रुपये. दीड लाखाच्या नफ्यातून उरले अवघे ३१ हजार. त्यातच वस्तू व सेवा कराचा हिशेब येतो. बीजक काढले की पैसे मिळोत वा न मिळोत, कर भरावा लागतो. १८ टक्के दराने १० लाखांवर १ लाख ८० हजार. सहा लाखांच्या कच्च्या मालावर भरलेले १ लाख ८ हजार वजा केले, तरी ७२ हजार रुपये त्याने पदरचे भरावयाचे. ज्या सरकारने त्याचे पैसे थकविले आहेत त्याच सरकारला कर मात्र वेळेवर! सुरक्षा अनामत अडकून पडते ती निराळीच.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर विलंबाने पैसे देणारे सरकार समाजातील सर्वांत दुर्बळ सावकाराकडून बिनव्याजी कर्ज घेत असते. आणि हे कर्ज सरकारलाही फुकट पडत नाही. विलंब ठरलेलाच आहे हे ओळखून जाणता पुरवठादार आपल्या दरात तो आधीच धरतो. ज्याला धरता येत नाही तो बुडतो. परिणामी सरकार महाग खरेदी करते आणि बाजारात टिकतात ते कार्यक्षम नव्हे, तर ज्यांच्या खिशात थांबण्याची ऐपत आहे ते.

कायदा याविषयी मुका नाही. कराराने मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही; करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे असे १६ वे कलम सांगते. राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते आणि तिच्या निवाड्यास आव्हान देणाऱ्या खरेदीदारास ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. एवढे शस्त्र हाती असता ते उचलले का जात नाही? कारण उघड आहे. ज्या कार्यालयाविरुद्ध व्याज मागावयाचे, त्याच कार्यालयात पुढची निविदा भरावयाची असते.

प्राप्तिकर कायद्यात २०२३ साली एक तरतूद झाली. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदारास त्या खर्चाची वजावट मिळू नये, अशी ती आहे. खाजगी कंपन्यांना या चाबकाचा धाक वाटला. परंतु सरकारी खाते वा महापालिका आपल्या खर्चाची अशी वजावट मागतच नाही. तेव्हा सर्वांत मोठ्या थकबाकीदाराच्या पाठीपर्यंत हा चाबूक पोहोचतच नाही. २०२५ साली राज्यातील कंत्राटदारांच्या संघटना थकित देयकांसाठी आंदोलनात उतरल्या, ही घटना या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

दुसरी बाजू

अर्थात दोष एकाच पक्षाचा नाही. सार्वजनिक पैसा चौकशीविना देता येत नाही आणि निकृष्ट माल पुरवून नामानिराळे होणारे पुरवठादारही असतात. आपले प्रमाणपत्र दुसऱ्यास वापरू देणारे आणि बाजारातून माल उचलून स्वत:चा म्हणून खपविणारे 'कारखानदार' या योजनेचे खरे वैरी होत. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते, पण ती अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच. खरेदीतील सवलती त्यांच्यासाठी नाहीत, हे अनेकजण जाणूनबुजून विसरतात. परंतु माल निकृष्ट असेल तर तो मुदतीत नाकारावा. स्वीकारावयाचा, वापरावयाचा आणि पैसे मात्र द्यावयाचे नाहीत, यास दक्षता म्हणता येत नाही.

काय करावयास हवे

चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. राज्य शासनाने ११ व्या कलमाखाली स्वत:चे खरेदी धोरण अधिसूचित करून ते महापालिका व जिल्हा परिषदा यांनाही लागू करावे. प्रत्येक कार्यालयाने माल स्वीकारल्याची व देयक चुकते केल्याची तारीख संकेतस्थळावर जाहीर करावी. निविदा उघडल्याचे जगास कळते, मग पैसे दिल्याचे का कळू नये? विलंबाचे व्याज पुरवठादाराने मागण्याची वाट न पाहता देयकासोबतच दिले जावे, म्हणजे मागणाऱ्यावर कोणाचा रोष होणार नाही. आणि तरतूद हाती नसताना पुरवठा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यास जबाब विचारला जावा.

राहता राहिला माझ्या विद्यार्थ्याच्या भावाचा प्रश्न. माझे उत्तर असे : नोंदणी अवश्य करावी, आणि ती पहिले काम घेण्यापूर्वी करावी. करारानंतर व पुरवठ्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागील व्यवहारास मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ व २०२२ च्या निकालांत म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये हा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपविला गेला असला, तरी शहाण्याने त्या संदिग्धतेवर आपला संसार उभारू नये. माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी. एकूण धंद्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भार सरकारवर टाकू नये. आणि एकट्याने भांडण्याची ताकद नसेल तर संघटनेमार्फत व्याज मागावे, पण मागावे.

सरकार हे मोठे गिऱ्हाईक आहे, यात शंका नाही. परंतु आपल्या मंडईतला भाजीवालासुद्धा गिऱ्हाईकाचा मोठेपणा त्याच्या पिशवीच्या आकारावरून मोजत नाही. तो उधारी कधी फिटते यावरून मोजतो. तेवढी एक कसोटी सरकारने स्वत:स लावून घेतली, तर लेखाशाखेबाहेरच्या त्या गर्दीला मान वर करून उभे राहता येईल.