पिस्तूल घडवणारे हात

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. ६० नेम आणि ७५ मिनिटे, असे या फेरीचे गणित. दुरुस्तीत त्यातली पंधरा-वीस मिनिटे गेली. नियमानुसार वाढीव वेळ मिळाला नाही. ५७५ गुणांसह ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्यानंतर चर्चा झाली ती तिच्या वयाची, दडपणाची आणि प्रशिक्षकांशी असलेल्या संबंधांची. २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदके जिंकली आणि टोकियोचे शल्य पुसले गेले. मात्र त्या सकाळी पुढे आलेला एक प्रश्न तसाच राहिला. पिस्तूल जाणणारा, ते नेमबाजाच्या हाताला जुळवून देणारा कारागीर आपल्याकडे कुठे आहे?

नेमबाजीचे पिस्तूल दुकानातून आणले आणि चालवले, असे होत नाही. दहा मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर असतो. हात कणभर हलला तरी छर्रा बाहेर जातो. म्हणून पहिले काम मुठीचे. लाकडी मूठ तासून, कुठे लुकण भरून, पुन्हा घासून ती एकाच तळहाताच्या उंचवट्यांना आणि बोटांच्या पेरांना बसेल अशी केली जाते. ती नीट बसली की प्रत्येक वेळी पिस्तूल हातात त्याच जागी येते. दुसरे काम चापाचे. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम आणि पंचवीस मीटर प्रकारातील पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम भार पेलला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याखाली जायचे नाही, पण फार वरही राहायचे नाही, अशी ही कसरत. स्पर्धेनंतरच्या तपासणीत भार कमी भरला, तर खेळाडू बाद होतो. त्याशिवाय मागच्या खाचेची रुंदी, पुढच्या माशीची जाडी, नळीपाशी लावायची वजने हे सारे माणसागणिक बदलते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकारातील जलद फेरीत नेमबाजाला हात खाली असताना तो उचलून तीन सेकंदांत गोळी सोडायची असते. तिथे पिस्तूल हातात चाचपडायला सवडच नाही.

या कामाला अमेरिकेत स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा आहे. जॉन ब्राउनिंगने रचलेले आणि १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले पिस्तूल चिखलमातीतही अडू नये, म्हणून त्याच्या भागांत थोडी मोकळीक ठेवलेली होती. रणांगणावर तो गुण. स्पर्धेत मात्र तोच दोष. तेव्हा कुशल कारागिरांनी नळी आणि वरचा सरकता भाग एकमेकांत घट्ट बसवले, चाप नितळ केला, नेमाची साधने बदलली. लष्कराने १९५६ मध्ये नेमबाजीसाठी खास तुकडी उभारली, तीत असे कारागीरही सामावून घेतले. अर्थात, जिथे शस्त्र सहज मिळते तिथे कारागीरही सहज मिळतो, आणि त्या सुलभतेची किंमत तो समाज आजही मोजतो आहे. ते प्रारूप जसेच्या तसे उचलावे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

आपली वाट याच्या नेमकी उलट आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार शस्त्र तयार करणे, विकणे, त्यात रूपांतर करणे, त्याची दुरुस्ती वा चाचणी करणे, या सर्वांसाठी परवाना लागतो. शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. या कठोरतेला कारण आहे. बिहारमधील मुंगेरला अठराव्या शतकात नवाब मीर कासीमने शस्त्रांचा कारखाना उभारला, तेव्हापासून ही कला तिथल्या घराघरांत झिरपली. आज त्याच मुंगेरमध्ये परवानाधारक बंदूक कारखाने आहेत आणि त्याच मुंगेरच्या नावाने बेकायदा पिस्तुले देशभर पकडली जातात. कानस तेच, कसबही तेच. फरक फक्त नोंदवहीचा.

हा फरकच धोरणाचा पाया व्हायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा नेमबाजांचे काय, असा प्रश्न उभा राहिला. सरकारने २०२० मध्ये अधिसूचना काढून नेमबाजांसाठी सवलती दिल्या. म्हणजे शस्त्र बाळगणाऱ्यांत खेळाडूची जात वेगळी, हे शासनाने मान्य केले. त्याच न्यायाने शस्त्र सुधारणाऱ्यांत क्रीडाकारागिराची वेगळी श्रेणी का असू नये? साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि वीस ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवाई शस्त्रे २०१६ च्या नियमांनुसार परवान्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेव्हा सुरुवात तिथून करता येईल. बालेवाडीसारख्या क्रीडासंकुलात नोंदणीकृत कार्यशाळा असावी. तिथे उमेदवारी करून तरुण तयार व्हावेत. पिस्तुलाचा क्रमांक, केलेले काम आणि चापाचा मोजलेला भार यांची नोंद प्रत्येक वेळी व्हावी. पोलिसांना तपासायला कागद राहील आणि खेळाडूला विश्वासाचा माणूस मिळेल.

आज आपल्या आघाडीच्या नेमबाजांच्या हाती जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात बनलेली पिस्तुले असतात. नामवंत खेळाडूला संघाचे आणि उत्पादकाचे साह्य मिळते. प्रश्न आहे तो जिल्हा पातळीवर उसन्या पिस्तुलावर सराव करणाऱ्या मुलामुलींचा. दुसऱ्याच्या तळहातासाठी कोरलेली मूठ धरून ती वर्षानुवर्षे नेम धरतात. गुण वाढले नाहीत, की दोष त्यांच्या एकाग्रतेला दिला जातो. अशी किती गुणवत्ता गळून पडली असेल, याची मोजदाद कुठेच होत नाही.

कायदा सैल करा, असे इथे कोणाचे म्हणणे नाही. शस्त्रावर नियंत्रण हवेच, आणि ते कडकच हवे. मात्र कट्टा बनवणारा आणि खेळाडूची मूठ तासणारा यांच्याकडे एकाच संशयाने पाहिल्यास पहिला थांबत नाही, तो मुळातच कायद्याबाहेर असतो. मागे सरतो तो दुसरा. पदकांच्या स्वागताला विमानतळावर गर्दी करणाऱ्या व्यवस्थेने या दुसऱ्या माणसासाठी एक खोली, एक परवाना आणि एक नोंदवही एवढी सोय केली, तरी टोकियोतील त्या वीस मिनिटांचा धडा वाया गेला नाही, असे म्हणता येईल.