मानसोपचार: पहिला फोन मोफत, पुढच्या भेटींचे काय?

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेमुळे १४४१६ या क्रमांकावर कोणालाही समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते. मराठीसह वीस भाषांत चालणाऱ्या या सेवेचे राष्ट्रीय समन्वयन बंगळुरूची निम्हान्स ही संस्था करते. पैशाअभावी मनातले दुःख कोणापुढे मांडता येत नाही, ही अडचण त्यामुळे पहिल्या संभाषणापुरती दूर झाली. प्रश्न त्यानंतरचा आहे. नैराश्यावरील समुपदेशन एका फोनवर आटोपत नाही. एकाच व्यक्तीशी सहा-आठ वेळा तरी बसून बोलावे लागते.

या भेटी गरिबाला परवडत नाहीत, त्याचे कारण केवळ फी नव्हे. निम्हान्सनेच २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. उपचार आणि प्रवास यांपायी कुटुंबाला दरमहा सुमारे एक ते दीड हजार रुपये खर्चावे लागत, अशीही नोंद त्यात आहे. बुडालेली मजुरी वेगळीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याचे संरक्षण दिले खरे. परंतु आरोग्य विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असल्याने समुपदेशनाच्या भेटी बहुधा त्याबाहेरच राहतात.

वास्तविक उपचार गावापर्यंत नेण्याचा विचार बंगळुरूला नवा नाही. १९७० च्या दशकात निम्हान्सने शहराजवळच्या सकलवारा येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. पुढे बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगातून १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. मात्र या साऱ्याचा भर रुग्ण ओळखणे, औषध देणे आणि पाठपुरावा करणे यांवर राहिला. गोळ्या तालुक्यापर्यंत पोहोचल्या; निवांत ऐकून घेणारा माणूस पोहोचला नाही.

तो माणूस पदवीधर मानसशास्त्रज्ञच असावा लागतो का, याचे उत्तर गोव्यात मिळाले आहे. तेथील 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सामान्य स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. सहा ते आठ भेटींचा हा उपचार केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी होत असे. 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी यातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या समुपदेशकांच्या कामावर सतत देखरेख होती, हे विसरता कामा नये.

म्हणजे पद्धत हाती आहे आणि प्रशिक्षण देऊ शकणारी संस्थाही आहे. उणीव आहे ती आरोग्य केंद्रात समुपदेशकाच्या पगारी पदाची, आणि सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो निर्णय राज्यांनी घ्यावयाचा आहे. लसीकरणापासून गर्भवतींच्या नोंदीपर्यंतची कामे आधीच सांभाळणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या माथी हेही काम मारणे, ही त्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कुचकामी वाट ठरेल.