घरसंसार : स्लॅब पडण्याआधी



सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील खांडबारा येथून एका ताईंनी विचारले आहे : "घरकुलाचे काम सुरू आहे. सुरतेला कामाला असलेला मुलगा म्हणतो, मोबाईलवर चालणारे दिवे-पंखे बसवू. काय करावे?"

ताई, मुलाची हौस मोडू नका; फक्त क्रम बदला. घरकुल साधारण 269 चौरस फुटांचे. त्यात बटण चार पावलांवरच असते. म्हणून आधी गरज पाहा, यंत्र मागाहून.

यंत्र पुढच्या वर्षीही घेता येते, पण भिंत पुन्हा फोडली की पैसा दोनदा जातो. तेव्हा स्लॅबचे काँक्रीट पडण्याआधी आणि भिंतींना प्लास्टर होण्याआधी तारांचे पाइप टाकून घ्या. प्रत्येक बोर्डात न्यूट्रलची तार आणायला सांगा. मोबाईलवर चालणाऱ्या बहुतेक बटणांना ती लागते.

पहिला खर्च अर्थिंग, एमसीबी आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी यांवर करा. ओल्या हाताने मोटरीला स्पर्श झाला आणि वीज अंगातून जमिनीत वाहू लागली, तर आरसीसीबी क्षणात प्रवाह तोडतो. हेही आपोआप चालणारे यंत्रच, आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

दुसरा खर्च पाण्याच्या टाकीच्या फ्लोट स्विचवर. टाकी भरली की मोटर बंद करायला धावते कोण? बहुधा घरातली बाईच. तिची ती धावपळ वाचते, पाणी आणि वीजही वाचते.

तिसरी गोष्ट मुलांच्या अभ्यासाचा कोपरा. तिथे चांगला दिवा आणि एक सॉकेट हवेच. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधताना ग्रंथांसाठी जागा आधी ठरवली होती. आपले घर लहान असेल, पण विचार तोच ठेवावा.

एवढे झाल्यावर पैसे उरले तर मोबाईलची बटणे खुशाल बसवा. त्यासाठी कर्ज मात्र काढू नका. हाताने दाबायचे बटणही चालू राहिले पाहिजे. नाहीतर नेट गेले, मुलगा सुरतेला, आणि म्हातारी आई अंधारात! कारागीर काम संपवून गेला की पासवर्ड बदला.

आणखी एक. कॅमेरा लावायचाच तर दारावर लावा. सून केव्हा उठली, कोणाशी बोलली, हे दूर बसून पाहण्यासाठी घरात कॅमेरा नको. समतेचा विचार सांगणाऱ्या घरात पहारा शोभत नाही.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीज नियोजनाचा पाया घातला. ती वीज कष्टकऱ्याच्या घरात आली आहे. तिने आधी जीव सांभाळावा, मग कष्ट कमी करावेत. हौस त्यानंतर.

वायरमन बोलवाल तेव्हा हा कागद त्याच्या हाती द्या. जयभीम!