वारशातल्या रिव्हॉल्व्हरची खरी किंमत किती? आणि काकूंच्या सहीची?

समजा, बोदलकसा परिसरातल्या एका जुन्या घरात लोखंडी कपाटात दोन रिव्हॉल्व्हर आहेत. परवाना काकांच्या नावावर होता. काका गेले. तेरवी आटोपली आणि पुतण्या म्हणाला, "काकू, हे ठेवून तुम्ही काय करणार? माझ्या लायसन्सवर चढवून घेतो, तुम्ही फक्त सही द्या." दुसऱ्याने मोबाईलवर परदेशातला लिलाव दाखवला, "हे बघा, लाखोंचा माल आहे!"

दोघंही चुकतात. एक जण किंमत शून्य धरतो, दुसरा भलत्याच बाजाराचा भाव सांगतो. मग खरी किंमत ठरते कशावर?

जुनी हत्यारं, नवा कायदा

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातलं बोदलकसा तलावासाठी आणि नागझिऱ्याच्या जंगलाच्या शेजारासाठी ओळखलं जातं. हा सगळा पट्टा एकेकाळी मालगुजारीचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारही संपली. पण काही घरांमध्ये परवान्याची हत्यारं राहिली आणि पिढ्यान् पिढ्या पुढे जात राहिली.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने शस्त्र कायद्यात मोठी दुरुस्ती केली. आधी एका परवानाधारकाला तीन अग्निशस्त्रं ठेवता येत होती, आता दोनच. सरकारचा मूळ प्रस्ताव तर एकाचाच होता, विरोध झाल्यावर तो दोनवर आला. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लागू आहे.

याचा थेट परिणाम भावावर झाला. ज्याच्या परवान्यावर आधीच दोन शस्त्रं आहेत, तो तिसरं घेऊच शकत नाही. हौशी संग्राहक हा गिऱ्हाइकांचा मोठा वर्ग त्यामुळे आटला.

मालकी काकूंची, पण ताबा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी पहिल्या वर्गातली वारस असते. मुलं, मुली आणि पतीची आई यांच्याइतकाच तिचा वाटा. रिव्हॉल्व्हर हीसुद्धा मालमत्ताच आहे, त्यामुळे तिच्या किमतीतही हा वाटा येतो. पुतण्या या वर्गात बसत नाही.

पण परवाना हा व्यक्तीचा असतो. परवानाधारक गेला की घरातल्या कुणालाही ते शस्त्र नुसतं ठेवून घेण्याचा अधिकार उरत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते.

जमा केलं म्हणजे गेलं, असं मात्र नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला स्वतःच्या नावे परवाना मिळवून ते परत घेता येतं किंवा पात्र व्यक्तीला विकता येतं. मुदत उलटली तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. त्यामुळे जमा केल्याची पावती हवी आणि त्यावर कंपनी, बोअर, क्रमांक असा तपशील हवा. ही पावती हातात असली की घाईघाईत विकण्याचा दबाव बराच कमी होतो.

दिसायला सारख्या, भावात जमीन-अस्मानाचा फरक

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीच्या दोन रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवल्या, तर सामान्य माणसाला फरक कळणार नाही. पण एक .३२ बोअरची आणि दुसरी .४५५ बोअरची असेल, तर कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

.३८० आणि .४५५ ची काडतुसं चालतील अशी रिव्हॉल्व्हर भारतात 'प्रतिबंधित बोअर' मध्ये मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, त्यासाठी केंद्र सरकारपर्यंत जावं लागतं. साहजिकच घेणारे अगदी मोजके. ती विनापरवाना सापडली तर शिक्षाही सात ते चौदा वर्षांची.

.३२ चं उलट आहे. खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे आधीच देशात असलेल्या चांगल्या स्थितीतल्या परदेशी .३२ रिव्हॉल्व्हरला मागणी टिकून आहे आणि भाव अनेकदा नव्या देशी रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त मिळतो. अंदाजासाठी एक आकडा: कानपूरच्या आयुध निर्माणीची 'निर्भीक' २०१४ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती.

म्हणजे लिलावाच्या साईटवर जी .४५५ वेब्ली संग्राहकांची लाडकी आहे, तिला इथे गिऱ्हाईक मिळणं अवघड. आणि साधी वाटणारी .३२ चांगले पैसे देऊन जाते.

परदेशातला भाव इथे का चालत नाही?

कारण माल तिकडे पाठवताच येत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. त्याहून नवं शस्त्र असेल तर निर्यातीसाठी वेगळा परवाना लागतो.

"जुनं आहे, म्हणजे परवान्याची गरज नाही," हा समजही धोक्याचा. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला कायद्यात सूट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'क्युरिओ' वर्गातली शस्त्रं बाळगण्यासाठीही परवान्याची अट काढली गेली. पण आपलं शस्त्र यात बसतं का, हे घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

मग योग्य भाव कसा काढायचा?

• पहिलं काम पोलीस ठाण्याला लेखी कळवणं. शस्त्र पिशवीत घालून दुकानात दाखवायला नेऊ नये. ते भरलेलं आहे का, हेही जाणकारानेच तपासावं.

• जुना परवाना, खरेदीची पावती, मूळ म्यान, डबा जपून ठेवावेत. शस्त्र कुणाचं, कुठून आलं हे कागदावर दिसलं तर किंमत वाढते. भगतसिंगांचं पिस्तूल अनेक दशकांनी ओळखता आलं, तेही त्यावरच्या क्रमांकामुळेच.

• घासूनपुसून चकचकीत करू नये. मूळ पॉलिश गेलं की संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते.

• किमान दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्यावा. विक्रेता स्वतः विकत घेणार असेल, तर त्यात त्याचा नफाही धरलेला असतो.

• थेट दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. हे दिवस दुसरे भाव मिळवायला वापरता येतात.

नात्यातलाच गिऱ्हाईक असेल तर?

त्यात गैर काही नाही. उलट खात्रीचा आणि परवाना असलेला माणूस घरातच मिळाला, तर सगळ्यांची धावपळ वाचते. फक्त जो घेणार आहे, त्यानेच किंमत ठरवू नये. बाहेरचे लेखी भाव काकूंच्या हातात असावेत, व्यवहार बँकेतून व्हावा आणि मुलामुलींनाही आकडा माहीत असावा.

सहीचंही तसंच. घरातल्या एका वारसाच्या नावे परवाना करायचा, तर इतरांची ना-हरकत मागितली जाते. ही सही शस्त्र कुणाकडे राहील यासाठी असते. आपल्या वाट्याचे पैसे सोडले, असा तिचा अर्थ होत नाही. तो हिशेब वेगळ्या कागदावर लिहून घ्यावा आणि सही त्यानंतर करावी.