माशी बांध ओळखत नाही

१ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने भारतीय आंब्याला आपली दारे बंद केली. आदल्या वर्षी तेथे पोचलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व तत्सम किडी आढळल्या होत्या. बंदी उठविण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला. परंतु हातचा हंगाम गेला तो गेलाच. अशा वेळी बागायतदाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे असते. रत्नागिरीच्या बागांचा प्रश्न इतका सरळ नाही.

माशी म्हणजे सर्वत्र एकसारखा जीव, ही समजूतच मुळात चुकीची आहे. प्रयोगशाळांत वाढविली जाणारी ड्रोसोफिला आंब्याच्या फळमाशीहून वेगळ्या कुळातली. पण आनुवंशिकतेचे नियम दोघींना सारखेच लागू. भारतीय शास्त्रज्ञांनी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत ठिकठिकाणच्या ड्रोसोफिला गोळा करून तपासल्या. उत्तरेतील माशी कोरडी हवा अधिक सोसते, दक्षिणेतील माशी उपासमार अधिक सोसते, आणि मधल्या प्रदेशांत हा बदल पायरीपायरीने होत जातो. प्रयोगशाळेत एकाच हवेत, एकाच अन्नावर वाढविल्या तरी हा फरक उरतो. म्हणजे तो जनुकांत मुरलेला आहे. ज्या ठिकाणी जे गुण तारतात, तेच पुढच्या पिढीत वाढतात. यालाच निसर्गनिवड म्हणतात.

हवामान जशी निवड करते, तशीच माणसाचे उपायही करतात. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारले, तर त्यातून वाचणाऱ्या माशांचीच संतती वाढते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा हा मोलाचा उपाय आहे. मिथिल युजेनॉलच्या वासाने तो नर माशांना ओढून घेतो. पण हवाई बेटांवरील, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या वासाला न भुलणाऱ्या नरांची पैदास करता काही पिढ्यांतच तशा नरांचे प्रमाण वाढले. सापळा टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. एकट्या सापळ्यावर विसंबू नये, एवढाच आहे. गळलेली फळे रोज वेचून नष्ट करणे आणि झाडाखालच्या मातीतील कोश उघडे पाडणे हेही त्याच्या जोडीला हवे.

आणि इथेच मालकीचा प्रश्न येतो. पन्नास कलमांचा धनी हे सारे इमानाने करील. पण शेजारची बाग कराराने दिलेली, मालक मुंबईत, आणि वळवाच्या पावसानंतर गळलेला आंबा तसाच कुजत पडलेला असेल, तर त्याचे कष्ट पाण्यात जातात. माशी बांध ओळखत नाही. जपानने आपल्या नैर्ऋत्येकडील बेटांवर शासनाच्या खर्चाने, बेटच्या बेट एक शेत मानून मोहीम चालविली आणि १९८६ पर्यंत ही माशी तेथून हटविली. कोकण हे बेट नव्हे. इथे समूळ उच्चाटन कदाचित साधणार नाही. पण गावच्या गाव एकत्र आले तर माशीला आवर निश्चित घालता येईल.

समाजवाद्यांनी इथे स्वतःच्या इतिहासाचेही स्मरण ठेवावे. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोत लायसेंकोच्या गटाने आनुवंशिकीशास्त्राला भांडवलशाही थोतांड ठरविले. त्याआधीच, १९४३ साली, वाविलोव्हसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ तुरुंगात मरण पावला होता. माश्यांवर संशोधन करणाऱ्यांची तेथे टवाळी झाली. नुकसान शेतीचे झाले, जनुकांचे नियम मात्र तसेच राहिले. पक्षाच्या ठरावाने निसर्ग वाकत नाही. कीटकनाशकांच्या जाहिरातीनेही वाकत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत तीन मागण्या लावून धराव्यात: वाडीवार सामूहिक मोहिमेचा खर्च शासनाने उचलावा, करार घेणाऱ्या व्यापाऱ्यावर हंगामाअखेर बाग साफ करण्याची सक्ती असावी, आणि कोकणातील माशी कोणत्या उपायांना सरावत आहे, याची तपासणी दरवर्षी होऊन निष्कर्ष मराठीत बागायतदाराच्या हाती पडावेत. शत्रू पिढीगणिक बदलतो. त्याच्याशी लढणाऱ्याला एकटे आणि अडाणी ठेवणे हा अन्याय आहे.